ओळ सांगणारी

आमच्या देवळाची कौलं माकडांनी फोडली नसती, तर माझा घसा आणखी काही वर्षं टिकला असता. देऊळ म्हणजे आमचं ख्रिस्ती लोकांचं उपासनेचं ठिकाण. त्या काळी आमच्यात सगळे देऊळच म्हणत, जुनी माणसं अजूनही म्हणतात. रेवदंड्याच्या खाडीच्या अलीकडे, नारळी-पोफळीच्या वाड्यांत ते उभं होतं. वाड्यांत माकडं फार, आणि त्यांना हिंदूंचं कौल कुठलं नि ख्रिस्त्यांचं कुठलं याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. दर पावसाळ्याआधी आम्ही कौलं शाकारायची आणि दिवाळीपर्यंत त्यांनी ती फोडायची. शेवटी पंचांनी कंटाळून छपरावर पत्रे घातले. सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. पत्र्यावर पाऊस पडला म्हणजे काय होतं, याचा विचार तेव्हा कुणीच केला नव्हता.

मी तिथल्या मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा तापाने गेला. मग पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात शिकून मी इकडची नेमणूक घेतली आणि आईला जवळ आणलं. वीस सालानंतरचे ते दिवस. माझ्या पगारावर आम्ही दोघी जगत होतो. शेत नव्हतं, भाऊ नव्हता, सासरचं कुणी विचारणारं नव्हतं. शाळा म्हणजे आमचं जेवण, आणि शाळा चालायची ती घशावर. मी पाढा म्हणायचा, मुलींनी म्हणायचा. मी कविता म्हणायची, मुलींनी म्हणायची. फळ्यापेक्षा मी जास्त झिजत होते.

देवळातलं काम माझ्या गळ्यात पडलं ते पहिल्याच रविवारी. मी आपली बायकांच्या चटईवर बसून गात होते. उपासना संपल्यावर पाळकसाहेब दारात उभे राहून म्हणाले, "बाई, आवाज चांगला आहे हो तुमचा." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मंडळीत आवाज चांगला असणं आणि गावात विहीर गोड असणं सारखंच. येणारा-जाणारा पोहरा सोडतो. माझ्या आधीच्या बाईंची बदली पेणला झाली होती आणि पेटी उघडायला कुणी नव्हतं. पुढच्या रविवारी मी पेटीमागे होते. नाही म्हणायचं माझ्या डोक्यातही आलं नाही, कारण मी तेव्हा तरुण होते आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं.

आमच्या मंडळीत वाचता येणारी माणसं थोडी. होडीवाले, मासळी सुकवून विकणाऱ्या बाया, वाड्यांत शिंपणं करणारे गडी, एखाददुसरा पोलीस नि पट्टेवाला. गीतांची पुस्तकं मोजकी, तीही कसरीने खाल्लेली. म्हणून कुण्या जुन्या पाळकांनी एक रीत पाडली होती. पुढे बसणाऱ्याने ओळ सांगायची आणि मग मंडळीने ती गायची. मी पेटीवर सूर धरून ओळ मोठ्याने म्हणायची आणि थांबायचं. मंडळी ती ओळ गात असताना पुढची ओळ मनात तयार ठेवायची, आणि त्यांची संपता संपता ती सांगून मोकळं व्हायचं. एका उपासनेत चार-पाच गीतं, एकेका गीताची पाच-सहा कडवी. शिवाय लग्नं, बारशी, मयती, नाताळातल्या घरोघरच्या फेऱ्या, आठवड्याच्या बाजारात पाळकसाहेबांच्या उपदेशाआधी भजन. माणूस मेलं की पहिलं बोलावणं सुताराला आणि दुसरं मला.

गाणारी मंडळी म्हणून जी काही होती, ती सांभाळायचं कामही माझंच. तबल्यावर खाडीतला होडीवाला. हात गोड होता त्याचा, पण उपासना घड्याळावर चाले आणि तो भरतीवर. रविवारी सकाळची भरती आली की पलीकडचे उतारू पोचवून तो यायचा तिसऱ्या गीताला, आणि पाळकसाहेब डोळे मिटून प्रार्थना करीत असताना हातोडीने तबला ठोकत बसायचा. दवाखान्यातला कंपाउंडर मला साथ करायचा. त्याला आपला आवाज वर चढतो याचा अभिमान, म्हणून प्रत्येक गीत वर चढलंच पाहिजे असं त्याला वाटे. झांजा वाजवायला शाळेतल्या दोन मोठ्या मुली. त्यांचं आपसात पटत नसे आणि त्या ते झांजांतून दाखवत. पावसाळी हवेत पेटीच्या पट्ट्या चिकटत. शनिवारी ती उन्हात ठेवायची, ऊन नसलं की चुलीजवळ. आई म्हणायची, "माझ्या सांधेदुखीला कधी इतकं शेकलं नाहीस."

आणि तक्रारी. गीत फार संथ झालं, गीत फार घाईत झालं. बाई सूर वर लावतात, पुरुषांना झेपत नाही. बाई तीच तीच गीतं घेतात. बाई नवी गीतं घेतात, ती कुणाला येत नाहीत. सगळे अगदी गोड बोलून सांगत, कारण आमची माणसं भली होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते भल्या माणसांच्यात राहिल्याशिवाय कळत नाही.

पण या कशाने मी थकले नाही. थकले ती दुसऱ्याच गोष्टीने. पाळकसाहेब प्रार्थना करीत तेव्हा मी पुढच्या गीताचा सूर आठवत असे. उपदेश चाले तेव्हा होडीवाला आला का, हे दाराकडे बघत असे. लोक डोळे पुसत असत तेव्हा मी कुठल्या कडव्यावर थांबावं याचा हिशेब करीत असे. दर रविवारी मी उपासनेत होते आणि उपासना करीत नव्हते. लग्नघरातल्या आचाऱ्याला जेवण आठवत नाही, तसं माझं झालं होतं. हे कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं. आईला एकदा सांगितलं तर ती म्हणाली, "देवाचं काम करणाऱ्याला देव निराळा कशाला भेटायला हवा?" आईकडे अशी उत्तरं तयार असत. मी भाकरी थापत राहिले.

पत्रे बसले आणि पहिल्याच पावसाळ्यात माझी ओळ मलाच ऐकू येईना. कौलांवरचा पाऊस घरातल्या माणसासारखा असतो, तो असतो आणि आपण बोलत राहतो. पत्र्यावरचा पाऊस कुणाला बोलू देत नाही. आषाढात रविवार कोरडा गेला तर नशीब. मी ओरडायला लागले. ओळ सांगणं राहिलं आणि हाळी देणं सुरू झालं. रविवारी दुपारी घसा जळायचा, सोमवारी शाळेत पाढे म्हणताना आवाज फाटायचा, बुधवारपर्यंत जरा सुधारायचा आणि परत रविवार उभाच. असे दोन पावसाळे काढले. तिसऱ्याला आवाज बुधवारीही सुधारेना.

शाळा बघणाऱ्या मडमसाहेब मनाने चांगल्या होत्या. मराठी त्या पुस्तकातलं बोलत. एक दिवस वर्गाच्या शेवटी मागे येऊन उभ्या राहिल्या आणि मुली गेल्यावर म्हणाल्या, "बाई, मागील बाकावरील मुलींस तुमचे शब्द पोहोचत नाहीत. दिवाळीच्या सुमारास तपासणीकरिता साहेब येतील. त्यांस हे दिसल्यास मी काय सांगावे?" मी म्हटलं, सर्दी झाली आहे, बरी होईल. त्या म्हणाल्या, "होय, परंतु गेल्या वर्षीही सर्दीच होती." त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्याच संध्याकाळी मी मिशनच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी कपाळावरचा आरसा खाली केला, माझी जीभ कापडात धरली आणि बराच वेळ आत बघत राहिल्या. मग हात धुतले आणि म्हणाल्या, "आत गाठी धरायला लागल्यात. अजून बारीक आहेत. तुम्ही शाळेतही ओरडता आणि देवळातही ओरडता. दोन्हीकडे पुरेल एवढा घसा तुम्हाला दिलेला नाही. एक सोडा."

"आणि नाही सोडलं तर?"

"तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत दोन्ही सुटतील."

घरी येताना वाटेत मी खूप घाबरले. शाळा सुटली तर आईला घेऊन कुठे जाणार, हे मला खरोखरच माहीत नव्हतं. त्या रात्री आईने मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या आणि म्हणाली, देवाच्या कामाने कुणाचा घसा जात नाही. मी म्हटलं, "आई, डॉक्टरीणबाईही देवाच्याच कामावर आहेत." यावर तिने मिठाच्या पाण्याचा तांब्या पुन्हा माझ्यापुढे केला.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, फार वाईट वाटल्याचं सांगितलं, माझ्यासाठी तिथेच प्रार्थना केली, आणि मग म्हणाले, "पण बाई, दुसरं आहे कोण?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला होता की मला तो माझ्या नावासारखा वाटायला लागला होता. मी म्हटलं, ओळ न सांगता गाऊ या. ते हसले. "वाचता न येणारी माणसं आहेत हो. ओळ सांगितली नाही तर गातील काय?" मग जरा विचार करून म्हणाले, "कंपाउंडरला बसवून बघू."

कंपाउंडर तयारच होता. पुढच्या रविवारी तो माझ्या जागी आणि मी त्याच्या शेजारी नुसती पेटी धरून. पहिली ओळ त्याने सांगितली ती बाटलीवरची चिठ्ठी वाचून दाखवावी तशी. दिवसातून तीनदा जेवणानंतर, एवढंच म्हणायचं राहिलं. आणि सांगून थांबला नाही. स्वतःच ती ओळ गायला लागला, वर चढला, तिथे रमला. मंडळी त्याच्या तोंडाकडे बघत बसून राहिली. त्याची ओळ संपली तरी कुणी गायलं नाही. दुसरी ओळ त्याने सांगितली, तीही स्वतःच गायला. तिसऱ्या ओळीला बायकांच्या चटईवर पदर तोंडाला लागले. त्याने सगळं गीत एकट्याने पूर्ण केलं आणि त्याला वाटलं, फार छान झालं. उपासना संपल्यावर पाळकसाहेब माझ्याकडे नुसते बघत उभे राहिले. मी म्हटलं, "कळलं."

मी परत पेटीमागे बसले. मनात म्हटलं, जाऊ दे घसा. रागाने म्हटलं, भक्तीने नव्हे. शाळेत मी मुलींना लिहायला जास्त लावायला लागले आणि एका हुशार मुलीला पाढे सांगायला उभी करायला लागले. पण ती सोंगं किती दिवस चालणार, आणि तपासणीच्या दिवशी काय करणार, हा प्रश्न घेऊनच मी रोज उठत होते.

श्रावणातला एक रविवार होता. सकाळपासून धार लागली होती. खाडीत होड्या बंद, त्यामुळे होडीवाला वेळेवर आलेला. पावसाळ्याचा तेवढाच फायदा. पहिलं गीत कसंबसं निघालं. दुसऱ्या गीताच्या मध्यावर पाऊस असा काही कोसळला की मला पेटीसुद्धा ऐकू येईना. मी सगळा जोर लावून ओळ म्हणायला तोंड उघडलं आणि आतून काही आलंच नाही. फुंकणीत हवा जावी तसा नुसता वारा गेला. शेजारच्या कंपाउंडरलाही काही ऐकू गेलं नसणार. मी घाबरून तोंड मिटलं.

आणि मंडळी गायला लागली. बरोबर ती ओळ.

आधी मला वाटलं, योगायोग. एखाद्याला पाठ असेल, बाकीचे त्याच्या मागे. पुढची ओळ आली. मी पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा वारा, पुन्हा मिटलं. पुन्हा सगळ्यांनी एकदम सुरुवात केली, मागच्या भिंतीला टेकलेल्या गड्यांनीसुद्धा. तिसऱ्या वेळी मी ओळ म्हटलीच नाही. नुसते ओठ उघडले आणि मिटले. तबल्याची थाप पडली आणि मंडळी एकसुरात चालू. पुढची सगळी कडवी मी तशीच काढली, पाण्याबाहेर काढलेल्या बोयट माशासारखी तोंड उघडझाप करीत. एक शब्द चुकला नाही कुणाचा. हे लोक माझी ओळ ऐकत नव्हते. माझं तोंड मिटायची वाट बघत होते. कंपाउंडरचं तोंड कधी मिटलंच नव्हतं, म्हणून बिचारा एकटा गात राहिला होता.

पुढचा उपदेश मला अर्थातच कळला नाही. मला फार राग आला होता. आशीर्वाद झाला, लोक पाऊस ओसरायची वाट बघत आतच थांबले. पुढच्या चटईवर सुकट विकणारी म्हातारी बसायची, जिला लहानथोर सगळे आये म्हणत. सगळ्या मंडळीत जुनी तीच. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि फुटक्या आवाजात विचारलं, "आये, तुला हे गीत पाठ आहे?"

"व्हय," ती म्हणाली.

"सगळं?"

"सगलंच पाट हाय. सगल्यांनाच हाय. इतकी वर्सं म्हनतूय, पाट न्हाय व्हनार?"

"आणि बाकीची गीतं?"

"ती बी." मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. "का वो बाई?"

मी म्हटलं, "मग मी ओळ कशाला सांगते? घसा कशाला फोडते?"

तिने पदर सारखा केला. मग ती हळूच म्हणाली, "तुमी सांगताव म्हनून आमी थांबतो. तुमी शिकल्या-सवरल्या, इतक्या जीवानं सांगताव. तुमच्या आदी म्हनलं तर बरं दिसल का? तुमाला वाटल, ह्यांना आता बाईंची गरज न्हाय."

तिने हे लपवलं नव्हतं. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. यजमानीण वाढत असली की भूक नसली तरी ताट पुढे करायचं, तसं त्यांनी केलं होतं. आणि मी, त्यांना येत नाही म्हणून, ताटात वाढत राहिले होते. एकमेकांचं मन राखता राखता आम्ही माझा घसा संपवला होता. मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडायला काही शिल्लक नव्हतं. मी छत्री उघडली आणि पावसातच घरी गेले.

तो आठवडाभर मी कुणाशी धड बोलले नाही. आईने विचारलं तेव्हा पाटीवर लिहून दाखवलं. तिला वाचता येत होतं, हळूहळू अक्षरं लावून. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "मलाही सगळी पाठ आहेत."

"तूसुद्धा थांबत होतीस?"

"सगळे थांबायचे," आई म्हणाली, "मी एकटी कशी पुढे जाऊ?"

राग आला तो आला, आणि त्याच्या खाली दुसरंच काही होतं, ते मला जास्त लागलं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत होते की मी थकते आहे ते यांच्यासाठी, माझ्यावाचून यांचं अडतं म्हणून. तेवढ्यावर मी उभी होते. अडत नव्हतं, हे कळलं तेव्हा सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. अपमान झाल्यासारखं वाटलं. माणूस ओझ्याला कंटाळतं, पण ओझं खोटं होतं म्हटलं की आणखीच वाकतं.

शनिवारी मी पाळकसाहेबांना जाऊन सांगितलं, उद्यापासून मी ओळ सांगणार नाही आणि पेटीवरही बसणार नाही. मंडळीला सगळं पाठ आहे. पाळकसाहेब म्हणाले, "असं कसं होईल?" मी म्हटलं, "उद्या बघा." ते म्हणाले, आणि नाही गायले तर? त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी मला दिवाळीपर्यंत देवळात तोंडच उघडायला मनाई केली होती, गाण्यापुरतंसुद्धा.

रविवारी मी बायकांच्या चटईवर आयेशेजारी जाऊन बसले. पाऊस रिमझिम होता. पाळकसाहेबांनी गीत सांगितलं. कंपाउंडरने पेटीवर जमेल तसा सूर धरला. होडीवाल्याने ठेका सुरू केला, एक आवर्तन झालं, दुसरं झालं. कुणी गाईना. हळूहळू एकेक मान माझ्याकडे वळायला लागली. पुरुषांकडच्यासुद्धा. होडीवाला वाजवता वाजवता माझ्याकडे बघत होता. मला ती पहिली ओळ ओठांवर आलेली कळत होती. एकदा सांगितली असती तर गीत सुटलं असतं, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला असता, आणि मी परत पेटीमागे गेले असते, ती शाळा जाईपर्यंत. मी ओठ घट्ट दाबून चटईच्या काड्यांकडे बघत राहिले. पाळकसाहेब खाकरले. झांजवाल्या मुलींपैकी एक हसली आणि दुसरीने तिला चिमटा काढला.

मग आयेने सुरुवात केली. आवाज म्हातारीचा, सूर कुठला तरी तिसराच, पण ओळ सुरू झाली. मग आई. मग एकदम सगळे. कंपाउंडर पट्ट्या चाचपत त्यांच्या सुराला येऊन मिळाला. पहिल्या दोन कडव्यांत ते ओळी-ओळींमध्ये सवयीने थांबत होते, जिथे मी सांगायची तिथे. तिसऱ्या कडव्यापासून थांबणं संपलं, आणि गीत आधीपेक्षा निम्म्या वेळात झालं. पाळकसाहेबांना उपदेशाला जास्त वेळ मिळाला, आणि त्यांनी तो वापरला.

दिवाळीच्या आधी तपासणी झाली. साहेब मागच्या बाकाशेजारी खुर्ची टाकून बसले आणि मी धडा घेतला. आवाज पूर्वीचा नव्हता, थोडा घोगरा झाला होता आणि आजतागायत तसाच आहे, पण पोहोचला. मडमसाहेब जाताना म्हणाल्या, "बाई, आज शब्द पोहोचले." त्या दिवशी घरी येऊन मी आणि आईने गोडाचा शिरा केला आणि दारं लावून दोघी जरा रडलो. भीती गेली म्हणून. पुढे मी त्याच शाळेत म्हातारी झाले.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा आत बघितलं, गाठी ओसरल्या म्हणाल्या, आणि परवानगी दिली: देवळात गायला हरकत नाही, पण मंडळीत बसून, हळू, चार जणींसारखं.

तो रविवार थंडीचा होता. पाऊस केव्हाच गेलेला, पत्रे गप्प, दारातून ऊन आत आलेलं. होडीवाला उशिरा येणार हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्याच्यावाचून गीत सुरू झालं. मी आयेशेजारी बसले होते. किती दिवसांनी गाणार होते. हळू आवाजात मी सुरुवात केली. दोन शब्द बरे गेले. मग माझ्या लक्षात आलं, आजूबाजूचं आणि माझं जुळत नाही. मला वाटलं, सूर चुकला असेल. मी कान दिला. सूर बरोबर होता. शब्द निराळे होते. लोक ही ओळ गात होते आणि माझं तोंड पुढची ओळ म्हणत होतं. मी थांबले, त्यांच्या ओळीत शिरले, आणि शेवटच्या शब्दाआधीच पुन्हा पुढच्या ओळीवर गेले. तिसऱ्यांदाही तेच. त्या गीतातली कुठलीच ओळ मला लोकांबरोबर म्हणता येत नव्हती. पेटीमागे बसल्यापासून मी ती कधी लोकांबरोबर म्हटलीच नव्हती.

आयेने न बघता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. सुकटीचा वास येणारा, खरखरीत हात. आणि गाणं न सोडता, दोन शब्दांच्या मध्ये म्हणाली, "बाई, हलू. आमी आजून हितंच हाव."

मला रडू कोसळलं. त्यात ती ओळ गेली, पुढचीही गेली. कुणी माझ्यासाठी थांबलं नाही.